दारभर रांगोळी

इथे आखातात, जनाबियातल्या आमच्या कंपाउंडमध्ये, म्हणजे परदेशी कुटुंबांच्या बंदिस्त वसाहतीत, दर हिवाळ्यात प्रत्येक देशाची माणसं आपापला मंडप घालतात. हेतू एवढाच, की सगळ्यांनी एकमेकांत मिसळावं. यंदा भारताच्या मंडपाची सजावट माझ्याकडे होती. मंडपाला दार एकच. मी आत बसून दारभर मोठी रांगोळी घातली. लोक आले, त्यांनी फोटो काढले, तोंडभर कौतुक केलं आणि रांगोळी मोडू नये म्हणून बाहेरूनच पुढे गेले. आत पुरणपोळ्या गार होत होत्या. मदतीला आलेली वसईची शेजारीण म्हणाली, "मधून थोडी पुस की." मी साफ नाही म्हटलं; दोन तास खपले होते मी. संध्याकाळी आवरून घरी जायला निघाले, तेव्हा रांगोळीवर पहिला पाय माझाच पडला.