पावणेचारची सावली

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. वर्गात कुणी भुताचं नाव काढलं, की मी त्याला फळ्यापाशी बोलावते आणि भुताचं वस्तुमान विचारते. वीस वर्षं हा माझा लाडका विनोद आहे. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभवही मी वाचायचे ते, राग मानू नका, हसायलाच... आणि आज तुमच्याच पंगतीला येऊन बसलेय. बसवराज, म्हणजे माझा नवरा, परवा म्हणाला, "आता तूच फळ्यापाशी ये." पण खरं सांगू? मला भीती अजिबात वाटलेली नाही. मला इतका आनंद झालाय की कधी एकदा सांगते असं झालंय!

आधी जागा नीट सांगते, म्हणजे मागाहून 'शेजारी टॉवर असेल' वगैरे कुणी काढायला नको. सोलापूर, होटगी रोडच्या बाजूची कॉलनी, त्यातलं शेवटचं घर. तळमजला, वर एक मजला, त्यावर गच्ची. पाण्याची टाकी गच्चीच्या पूर्व कोपऱ्यात. पश्चिमेला आमच्याच अंगणात कडुनिंब होता. त्यापलीकडे मोकळे प्लॉट आणि माळ, दुसरं काही नाही.

कडुनिंब लावला होता माझ्या सासूबाईंनी, अव्वांनी, घर बांधलं त्या वर्षी. उन्हाळ्यात पावणेचारच्या सुमाराला त्याची सावली गच्चीवर चढायची. अव्वा चहा घेऊन वर जायच्या आणि जिन्यातून अप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हाक मारायच्या, "बर्री, नेरळु बंतु!" या, सावली आली. मी माहेरची जेऊरची, सासर मूळचं मैंदर्गीचं, घरात निम्मं कानडी. लग्नानंतर मला कळलेलं पहिलं कानडी वाक्य तेच. दोन वर्षांपूर्वी अव्वा गेल्या. तरी अप्पा पावणेचारला एकटेच वर जायचे, दोन खुर्च्यांपैकी आपल्या खुर्चीवर बसायचे आणि चहा पिऊन तासाभराने खाली यायचे. दिवसभरात तेवढाच वेळ त्यांचा चेहरा सैल असायचा. हे सगळं मला माहीत होतं बरं का. माहीत असून मी पुढचा शहाणपणा केला.

तर सोलर. आमच्याकडे नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी, आणि पाणी आलं की लाईट जाते! मोटर बंद, टाकी कोरडी, आणि मी बादल्या घेऊन जिन्यात. एका उन्हाळ्यात हे तीनदा झालं आणि मी पदर खोचला. दोन महिने जेवताना, झोपताना माझं एकच... ऑन-ग्रिड की ऑफ-ग्रिड की हायब्रिड? ऑन-ग्रिड दिसायला छान, पण बाहेरची लाईट गेली की तेही बंद पडतं, म्हणजे आमचं दुखणं तसंच. ऑफ-ग्रिडला जास्तीची वीज बाहेर देता येत नाही. हायब्रिड दोन्ही करतं. दिवसा उन्हावर घर चालवतं, बॅटरी भरतं, उरलेली वीज बाहेर देतं, आणि लाईट गेली तरी मोटर सुरू! ठरलं. पाच किलोवॅटचा हायब्रिड इन्व्हर्टर, लिथियम बॅटरी, दहा पॅनल. पाचांच्या दोन ओळी, पूर्वेकडची पहिली, पश्चिमेकडची दुसरी. बसवराज मला 'सूर्यकन्या' म्हणायला लागला. आपल्या भांड्यांच्या दुकानात आलेल्या गिऱ्हाईकालाही तो विचारायचा, "आमच्या बायकोला भेटता का? फुकटात सोलर समजावून देते."

फेब्रुवारीत सोलर बसवणारा इरफान आला सर्व्हेला. स्वतःचंच छोटं काम, पण माणूस इतका चोख की माझ्या विद्यार्थ्यांना दाखवावा. दर तासाला गच्चीवर जाऊन सावलीच्या कडेवर लाल ऑइल पेंटचे ठिपके देत बसला. संध्याकाळी म्हणाला, "मॅडम, दुपार के बाद नीम दुसऱ्या ओळीवर येतंय. एका पॅनलवर सावली पडली तरी पूरी लाईन ढेपाळती. तर पॅनल कमी करा, नै तो झाड का देखो."

अप्पा तिथेच उभे होते. मी त्यांना विचारलं, अगदी रीतसर विचारलं. ते झाडाकडे न बघता म्हणाले, "तोडा की. लाईट पायजे ना घराला? सावली काय, कुटं बी बसंल मी."

मी ते शब्दशः घेतलं. महापालिकेची परवानगी काढली, आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात झाड गेलं.

त्या दिवसापासून अप्पा गच्चीवर चढले नाहीत.

माझं लक्ष कुठे होतं म्हणाल तर पॅनलवर! स्ट्रक्चर उभं राहिलं, पॅनल चढले, जिन्याखाली इन्व्हर्टर बसला, आणि ज्या दिवशी इरफानने स्विच टाकला त्या दिवशी मी मोबाईलवर ॲप उघडून अक्षरशः नाचले. दोन ओळींच्या दोन रेषा... पहिलीची निळी, दुसरीची केशरी. सकाळी दोघी हातात हात घालून चढतात, दुपारी माथ्यावर, मग हळूहळू उतार. अशी सुरेख वक्ररेषा मी फळ्यावर कधी काढू शकले नाही. आणि तीन वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी केशरी रेष धाडकन खाली आली. निळी आपली मजेत उतारावर. पाचच्या सुमाराला केशरी परत तिला येऊन मिळाली.

पहिला दिवस, म्हटलं ढग असेल. सोलापुरात, मार्चअखेर, ढग! दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही. इरफान आला, पॅनल धुतले, जोडण्या तपासल्या. फरक नाही. मग त्याने इन्व्हर्टरपाशी दोन्ही ओळींच्या वायरी अदलून लावल्या. आता निळी रेष पडली, म्हणजे इन्व्हर्टर निर्दोष. मग आमच्यातला हट्टी माणूस जागा झाला (मीच), आणि मी पहिल्या ओळीचे पॅनल दुसऱ्या जागी आणि दुसऱ्याचे पहिल्या जागी बसवायला लावले. बिचाऱ्याचा अख्खा दिवस गेला. वायरी मूळ जागी, पॅनलची अदलाबदल... आणि पावणेचारला पुन्हा पश्चिमेकडचीच ओळ पडली!

इरफान टोपी काढून डोकं खाजवत बसला. "पॅनल में कुछ नै, वायर में कुछ नै. जगा में ही कुछ तो बी है मॅडम."

"जागेत काय असणार? स्वच्छ ऊन पडलंय, दिसतंय ना तुला?"

"वोईच तो!"

तुम्हाला वाटेल की मी घाबरले. छे! मला असं कोडं वीस वर्षांत मिळालं नव्हतं. मी वही घातली, रोजची वेळ टिपायला लागले.

या सगळ्यात अप्पा घरातल्या घरात मिटत चालले होते. अख्खी भाकरी खाणारा माणूस चतकोरावर आला. पावणेचारला हॉलमध्ये चहा दिला तर साय धरेपर्यंत कप तसाच. आणि एप्रिलच्या मध्यावर एका सकाळी ते पेटी भरून तयार. "मैंदर्गीला जातो धाकट्याकडं. आता हितं माजं काय काम हाय?"

पेटीत मी पाहिलं. सगळे सदरे, लोकरीची टोपी, आणि अव्वांचा फोटो. एप्रिलमध्ये लोकरीची टोपी कोण नेतं? ते परत येणार नव्हते. मला रडू आलं, आणि लाजही वाटली. लग्नानंतर माझं एम.एस्सी. याच माणसाने पुरं करून घेतलं होतं. परीक्षेच्या दिवसांत पोर सांभाळली, पाहुण्यांना परस्पर वाटेला लावलं. आणि मी त्यांची बसायची जागा तोडून तिथे ऊन आणलं होतं. बसवराज समजावून थकला. शेवटी एवढंच कबूल झालं की सोमवारी डोळे तपासायचे ठरलेत, त्यासाठी एकदा यायचं आणि मग कायमचं जायचं.

ते गेले तो बुधवार. त्या दुपारी मी ॲप उघडलं तर केशरी रेष सरळ! पावणेचार, चार, पाच... निळीला चिकटून सुबक उतार. गुरुवारी तसंच. शुक्रवार, शनिवार, रविवार. इरफानने फोनवर पेढे मागितले, "हो गया ना मॅडम!" मी म्हटलं, "काय झालं ते सांग, मग पेढे."

सोमवारी अप्पा सकाळच्या एसटीने आले, डोळे तपासून घरी पोचले तीनला. तीन त्रेचाळीसला केशरी रेष धाडकन खाली.

मी वही उघडून बसले. पडलेले दिवस आणि सरळ दिवस. ऊन तेच, यंत्र तेच. बदललं होतं फक्त एक, अप्पा घरात असणं. असली गोष्ट मी कुणा विद्यार्थ्याच्या वहीत पाहिली असती तर लाल शाईने 'योगायोग' लिहिलं असतं.

मंगळवारी अप्पा सकाळीच निघणार होते. मी हातापाया पडून त्यांचं निघणं साडेचारच्या गाडीवर ढकललं, इरफानकडून लांबून तापमान मोजायची बंदूक मागवली, आणि पावणेचारला गच्चीवर गेले. ऊन असं की डोळे उघडवेनात. फरशीवर बंदूक धरली, चोपन्न. टाकीकडे, चोपन्न. पॅनलच्या पुढे मोकळ्या जागेत, इरफानच्या लाल ठिपक्यांकडे सरकत गेले. त्रेपन्न, चोपन्न... एकोणचाळीस.

मी चप्पल काढली. त्या गच्चीवर अनवाणी दोन सेकंद उभं राहता येत नाही. तिथे मी उभी राहिले. पायाखाली गार. डोक्यावर लखलखीत ऊन, माझी स्वतःची सावली फरशीवर काळी कुळकुळीत, आणि पाय गार! मी कडेकडेने मोजत गेले. गार पट्टा ठिपक्यांशी जुळत नव्हता, हातभर दक्षिणेला होता. आणि तिथेच मला आठवलं... ठिपके फेब्रुवारीतले होते. एप्रिलपर्यंत सूर्य उत्तरेकडे येतो. झाड असतं, तर आज त्याची सावली बरोबर हातभर दक्षिणेलाच पडली असती.

मी धावत खाली गेले. अप्पा हॉलमध्ये पेटीपाशी बसले होते.

"अप्पा, वर चला."

"गुडघं दुखत्यात."

"एकदाच. परत कधीच म्हणणार नाही."

"तितं काय हाय आता, विजू?"

"मला नाही माहीत," मी म्हटलं. हे वाक्य मी त्या घरात बहुधा पहिल्यांदाच उच्चारलं. ते उठले.

मी त्यांना काहीही सांगितलं नव्हतं, शपथेवर लिहिते. बंदूक माझ्या पाठीमागे होती. अप्पा जिन्याच्या तोंडाशी आले, पॅनलकडे पाहिलंसुद्धा नाही. सवयीने चप्पल काढली. मी ओरडणार होते, भाजेल म्हणून, तोवर ते दोन पावलांत त्या जागी पोचले. थांबले. मग हळूहळू, एक हात गुडघ्यावर ठेवून, खाली बसले आणि दुसऱ्या हाताचा पंजा फरशीवर टेकला. बराच वेळ तसाच ठेवला.

"नेरळु बंतु," ते म्हणाले. माझ्याशी नाही.

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि दोन महिन्यांत मी पाहिला नव्हता तो सैल चेहरा समोर होता. मीही रडले, मग हसले, मग खाली जाऊन चहा टाकला. साडेचारची गाडी गेली. पेटी पुन्हा कपाटावर चढली.

आता स्पष्टीकरण. नाही माझ्याकडे. फरशीखाली पाण्याचा पाईप नाही, ओल नाही, सावली टाकेल असं काही आसपास नाही. वेळ दर आठवड्याला थोडी सरकते, झाडाची सावली सरकली असती तशी. कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा, मी भांडेन पण ऐकेन. इन्व्हर्टर कंपनीकडे नोंदवलेली तक्रार मात्र मी स्वतःच बंद केली. त्यांच्या फॉर्ममध्ये 'कारण' असा रकाना होता, त्यात मी लिहिलं, 'सावली'. इरफानचा लगेच फोन, "कायकी सावली मॅडम? झाड तो अपुनने काट्या ना?" मी म्हटलं, "हो रे. काटलं."

दुसरी ओळ रोज तासभर कमी वीज देते. देऊ दे. अंगणात खुंटाशेजारी अप्पांनी नवं रोप लावलंय, ते सध्या माझ्या गुडघ्याएवढं आहे. आणि मला सुट्टी असली की मी साडेतीनपासूनच मोबाईल घेऊन जिन्यात उभी असते. केशरी रेष वाकली रे वाकली, की माझ्या मोडक्या कानडीत जोरात हाक मारते, "अप्पा, बर्री! नेरळु बंतु!"

"आलो की गं," खालून आवाज येतो, "वरडतीस कशाला? चा आन."