टाळी न वाजवणारे सोमादादा

सोमादादांनी माझ्या बोलण्याला कधी टाळी वाजवली नाही. जव्हारला दर शनिवारी दारू सोडू पाहणाऱ्यांची मिटिंग भरायची. सोमादादा सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरून एसटीनं यायचे, चपला बाहेर काढायचे आणि खुर्च्या रिकाम्या असल्या तरी दाराशी जमिनीवर बसायचे. माझं बोलणं संपून खोली टाळ्यांनी दणाणली, तरी हे आपले गुडघ्यांवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहायचे. मला भयंकर राग यायचा. म्हातारा खडूस आहे, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

कारण मी बोलायचो झकास! जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक, पंधरा ऑगस्टच्या भाषणांवर पोसलेला. व्यसनाचा महापूर, संसाराची नौका, सगळं यायचं. समोर कारकून, मास्तर, सगळे ओळखीचे. म्हणून 'मी असा होतो' असं भूतकाळात रंगवून सांगायचो आणि घरी जाताना वाटेत क्वार्टर घ्यायचो. ओळखीची माणसं नकोत म्हणून ठाण्याच्या मिटिंगलाही जाऊन आलो, तर तिथं हिंदीत भाषण ठोकलं. बायको मुलीला घेऊन माहेरी गेली होती. "एक पावसाळा न पिता काढून दाखवा, मग येऊ," एवढंच ती म्हणाली होती. मी फोनवर सांगायचो, मिटिंग चुकवत नाही हं! ते खरंच होतं, लाज वाटावी इतकं खरं.

एका शनिवारी सोमादादा बाहेर थांबले होते. "गुरुजी, आजपन घ्याल ना वाटंत?" माझे कान तापले. "कोण म्हणतं?"

"कोन कशाला? मी बी असाच करायचो. तुमी लय बेस बोलता. बोलून तुमचा मन भरतं, नि दारू तिथंच रेते." मग माझ्या दंडाला हात लावून म्हणाले, "ही मिटिंग वाईट नाय. माला हिनंच उठवला. पन तुमाला नाय लागू पडं. ऐतवारी आमच्याकडं या."

त्यांच्या अंगणातली बैठक घड्याळावर नव्हती, टँकरवर होती. पाणी भरून झालं की बसायचं. आठ-नऊ माणसं, त्यात दोन बाया. मधोमध ढीग, आणि प्रत्येकाच्या हातात दगड. ढीग कसला म्हणून पाहिलं तर मोहाच्या बिया! मी दचकलो. सोमादादा हसले. "झाडानं काय केला? फुलाची दारू आमी केली. बियांचा तेल निघतो, त्याच तेलातली भाजी आज तुमाला." रिकाम्या हातानं बोलायचं नाही, हा त्यांचा एकच नियम. हात मोकळे असले की माणूस नाटक करतो, असं त्यांचं म्हणणं.

मंडळी त्यांच्या घरच्या बोलीत बोलत होती. मला निम्मं कळलं. माझी पाळी आली. "मित्रहो," मी सुरुवात केली, "व्यसनाच्या या महापुरात..." जनी नावाची बाई बिया फोडता फोडता थांबली. "गुरुजी काय बोलतात, माला नाय समजं."

"सोपा सांगा," सोमादादा म्हणाले. "कवा प्यालात?" जेवलात का, असं विचारावं तसं विचारलं.

माझ्याजवळ दुसरे शब्दच नव्हते. "काल," मी म्हणालो. "रोज पितो. बायकोला खोटं सांगतो." आणि रडू फुटलं. कुणी समजूत घातली नाही. जनीनं मूठभर बिया माझ्यापुढे सरकवल्या आणि पुढचा माणूस बोलायला लागला.

तो पावसाळा मी काढला. दोनदा घसरलो आणि दोन्ही वेळा अंगणात जाऊन सांगितलं. बायकोलाही सांगितलं. तरी ती दिवाळीला आली.

मग मला चेव चढला. जव्हारच्या एका कारकुनाला हट्टानं पाड्यावर नेलं. तो बिचारा अवघडून गेला, तोंडातून शब्द निघेना. सोमादादांनी दुसऱ्या शनिवारी स्वतः त्याला जव्हारच्या खोलीत नेऊन खुर्चीवर बसवलं. मला म्हणाले, "त्याचा जीव हितं मोकळा व्हतो. तुमचा तिथं. भांडताव कशाला?" तो अजून त्याच मिटिंगला जातो, पीत नाही.

यंदा भर उन्हाळ्यात सोमादादा गेले. दोन दिवसांचा ताप, बस्स. त्यांच्या समाजात माणूस गेला की दिवसाला त्याच्या नावानं दारूची धार सोडतात. त्यांनी पोरांना आधीच बजावलं होतं, "माला पानीच द्या. उन्हाळ्यात तोच म्हाग." पोरांनी पाणी सोडलं. तरी कुणीतरी पाहुण्यानं बाटली आणलीच होती. अंगणात वास पसरला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. त्यांच्याच दिवसाला! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "गुरुजी, चार शब्द बोला." मी उठलो. 'सोमादादा म्हणजे अंधारातला दीपस्तंभ' हे वाक्य अगदी जिभेवर होतं. समोर जनी बसली होती. मी वाक्य गिळलं.

"मला आत्ता प्यावीशी वाटते," मी म्हणालो. "खूप."

जनी उठली, पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला आणि मी पिऊन होईपर्यंत समोर उभी राहिली. मग बैठकीतले दोघं जण माझ्याबरोबर एसटीपर्यंत चालत आले. टाळी कुणीही वाजवली नाही.