मुलीची नवी शाळा

नातीच्या बोनाफाइडसाठी शाळेच्या ऑफिसात तासभर बसलो होतो. समोर ढालींचं कपाट आणि त्यावर ‘पालक हाच पहिला गुरू’ अशी सोनेरी पाटी. तेवढ्यात तिशीतला एक माणूस खिडकीशी आला. त्याच्या मुलीचा दाखला काढून आई तिला दुसऱ्या गावी घेऊन गेली होती. नवी शाळा कोणती, एवढंच त्याला हवं होतं.

“तुम्ही कोण?” क्लार्क बाईंनी विचारलं.

“वडील.”

बाईंनी रजिस्टर पाहिलं. “इथे फक्त आईचं नाव आहे.”

“आमचं लग्न झालं नव्हतं. पण रोज मीच सोडायला यायचो. तुम्ही बघितलंय मला.”

“बघितलंय हो. पण ते रजिस्टरला चालत नाही. कोर्टाचा कागद आणा.”

आयुष्यभर मी वडिलांचं नाव विचारणारे अर्ज भरत आलो. वडील गेल्यावरही अर्जांनी ते विचारायचं सोडलं नाही. इथे अख्खा बाप समोर उभा होता आणि त्याच्यासाठी रकाना नव्हता. आईचीही काही कारणं असतील. कोण बरोबर हे ठरवायचा मला आता कंटाळा येतो.

तो खिडकीशी आणखी वाकला. मग म्हणाला, “गाव नका सांगू. रविवारी सकाळी निघून त्याच दिवशी परत येता येईल, इतकं जवळ आहे का?”

बाईंनी रजिस्टर मिटलं. “तितकं जवळ नाही हो, दादा.”

तो दोनदा ‘थँक्यू’ म्हणाला आणि जिना उतरून गेला.