भिवासर आणि सुनीताचा गुडघा

भिवासर कुणाला नमस्कार करत नसत, चेंडू फेकत. व्यायामशिक्षिका म्हणून मी रुजू झाले त्या पहिल्याच सकाळी ऑफिसातून मैदानाकडे वळते न वळते तोच बास्केटबॉल छातीवर आदळला. हातातलं हजेरीपत्रक मातीत गेलं. पलीकडून आवाज आला, "डोळे खय आसत तुझे, बाय? चेंडू येवच्या आदीच दिसाक व्हयो!" सहा फूट उंचीचा, साठीतला, अर्धी विजार घातलेला एक माणूस उजवा पाय किंचित ओढत माझ्याकडे येत होता. मला असा राग आला की सांगता सोय नाही.

ते मूळचे पेडण्याचे. मुंबईत एका सरकारी खात्याच्या संघातून वर्षानुवर्षं खेळले, वर्तमानपत्रांत फोटो आले, आणि निवृत्तीनंतर डिचोली तालुक्यातल्या आमच्या खाणगावात बहिणीकडे येऊन राहिले. शाळेच्या चालकांनी हातापाया पडून त्यांना मुलींचा संघ शिकवायला आणलं. एवढा मोठा खेळाडू आपल्या लाल धुळीत पोरींना शिकवतो याचं गावाला कोण कौतुक!

शिकवणं म्हणजे काय, तर चेंडू स्वतः घ्यायचा, दोन पावलं टाकायची आणि तो अलगद जाळीत सोडायचा. मुली टाळ्या वाजवत. "दिसला मां? आता करा." मुलींना काय कपाळ दिसणार? कसं करायचं विचारलं की ते खरोखरच गोंधळत. "माका कोणी शिकवूक नाय. दिसला, केलंय." ते घरी गेले की तीच उडी मी चार तुकड्यांत मोडून मुलींकडून घोटून घेत असे. त्यांना ते कळलं तेव्हा म्हणाले, "ही बाय उडी पण पुस्तकात बघून मारता!" आठवडाभर शिक्षकांच्या खोलीत माझी टिंगल चालली.

त्या खोलीतही तेव्हा सुख नव्हतंच. भाषेच्या आंदोलनाचे दिवस. मराठीवाले खिडकीकडे, कोंकणीवाले दाराकडे, आणि मधे चहाची किटली. सर दोन्हीकडचा चहा पीत आणि दोन्हीकडच्या शिव्या खात. बसगाड्या बंद पडल्या, सामने दोनदा पुढे गेले. मग आमच्या केंद्रशासित प्रदेशाचं वेगळं राज्य झालं, आणि राज्याचा मुलींचा पहिला संघ निवडायला दोन निवडकर्ते तालुक्याच्या अंतिम सामन्याला येणार असं पत्र आलं. सामना आमच्याच मैदानावर होता.

सगळ्यांची नजर सुनीतावर होती. तिचे वडील सावंतवाडीकडून आलेले, खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर. बाकीच्यांना शिकवावं लागे. हिला दिसत असे. सर तिच्याकडे बघून स्वतःशीच हसत. "ह्या चेडवाक दिसता," एवढंच म्हणत. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आपली बोली बोलणारं कुणी भेटलं होतं.

सामन्याच्या आदल्या दिवशी देवळात यशासाठी देवाला गाऱ्हाणं घातलं आणि पंगत बसली. मुली, पालक, चालक सगळे मांडी ठोकून बसले. सर मात्र कठड्यावर पान ठेवून उभ्यानेच जेवले. उजवा गुडघा मांडी घालण्याइतका वाकत नव्हता. त्याची गोष्ट गावातल्या पोराटोरांना पाठ होती: मुंबईतला अंतिम सामना, पूर्वार्धातच मुरगळलेला गुडघा, वर घट्ट बांधलेला पंचा आणि शेवटच्या क्षणी टाकलेली बास्केट. त्या दिवशीही जेवताजेवता त्यांनी ती सुनीताला सांगितली. "दुखता म्हणान कोण बसता? बसलो तो संपलो."

दुसऱ्या दिवशी ट्रक नेमके मैदानाच्या कडेनेच धावत होते. धुळीने कोर्टाचं सिमेंट निसरडं होई, म्हणून मुली दर थोड्या वेळाने कडेच्या ओल्या गोणपाटावर बूट पुसत. सामना अटीतटीचा. चार मिनिटं उरली होती, आम्ही एका गुणाने पुढे होतो. बूट पुसायला न थांबता सुनीता चेंडूमागे धावली, घसरली आणि गुडघा आत वळवून पडली. तो आवाज मी ऐकला. उठली तेव्हा ओठ पांढरे पडले होते. "काय नाय झाला, बाई. मी खेळतंय," ती म्हणाली. निवडकर्ते पुढे वाकून बघत होते.

सरांनी खिशातून पट्टी काढली. "बांध आणि सोड तिका."

"सर, ती बाहेर येईल."

"चार मिनटा, बाय! तिचा जल्म आसा ह्या चार मिनटांत! खेळूक दी तिका!"

तिचे वडील धावत आले. सरांकडे बघत म्हणाले, "सर सांगतीत ता." सगळं मैदान सरांच्या बाजूचं. प्रशिक्षक म्हणून कागदावर नाव मात्र माझं होतं. त्या माणसाच्या खेळाच्या नखाचीही मला सर नव्हती. तरी तोंडातून निघून गेलं, "सर, काल पंगतीत तुम्ही उभ्याने का जेवलात?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मारतात की काय वाटलं. मी पंचांकडे वळून बदली खेळाडू मागितली. सुनीता रडत, मला शिव्या देत बाहेर आली. आम्ही तीन गुणांनी हरलो. संघ निवडला गेला तेव्हा त्यात आमच्या शाळेचं कुणीच नव्हतं.

म्हापशाच्या डॉक्टरांनी गुडघा तपासला. आणखी एक उडी मारली असती तर कायमचा गेला असता, म्हणाले. सर बाहेर बाकावर होते. मी सांगितलं, ते त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्या मॅचीक माका पण एकान भायर बोलवलेलान. मालिशवालो आमचो. मी त्याका ढकललंय, पडलो तो. गोष्ट सांगताना ता मी कधी सांगूक नाय."

त्यानंतर ते सहा वर्षं मैदानावर येत राहिले. उडीचे चार तुकडे त्यांनी माझ्याकडून शिकून घेतले आणि वाईट शिकवले. पण प्रत्येक सामन्याआधी मुलींना गोल उभं करून माझ्याकडे बोट दाखवत. "ही बाय भायर ये म्हणाली काय भायर येवचा. तेव्हा माझा ऐकू नकात."

मोठे खेळाडू चांगले गुरू होतात का, असं मला हल्ली चर्चासत्रांत विचारतात. मला असा एकच ठाऊक आहे, आणि त्याला साठी उलटल्यावर ते जमलं.

ते गेले तेव्हा बाराव्याला सुनीता आली होती. पुन्हा निवड तिच्या वाट्याला आलीच नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या मुली होत्या. फोटोला फूल वाहून ती माझ्यापाशी आली. "सरांवरचो राग कधीच गेलो, बाई," ती म्हणाली. "तुमच्यावरचो अजून आसा." सरांच्या बहिणीचं घर उंचावर, खाली रस्त्यापर्यंत चिऱ्याच्या चाळीसेक उभ्या पायऱ्या. खालून सुनीताच्या नवऱ्याने हाक मारली, आणि ती आपलं पोर कडेवर घेऊन, कशालाही हात न लावता, दोन दोन पायऱ्या टाकत उतरून गेली.