चौथी बशी

मानपाड्याला आमच्या इमारतीत बाराव्यानंतर थेट चौदावा मजला येतो. आम्ही चौदाव्यावर राहतो, म्हणजे खरं तर तेराव्यावरच, पण हे लिफ्टला कोणी सांगितलेलं नाही. तेराच्या या भीतीला ट्रिस्कायडेकाफोबिया म्हणतात, हे धाकट्या बहिणीने मोबाइलवरून अडखळत वाचून दाखवलं.

आईला तेराचं काही नाही. तिचं वाकडं आहे ते तीनशी. ताटात तीन पोळ्या आल्या की ती चौथीचा तुकडा तरी वाढणारच. "यालाही काही फोबिया असेल ना?" मी विचारलेलं. "आपल्याकडे त्याला 'बरं दिसत नाही' म्हणतात," ती म्हणाली.

बाबा गेले आणि घरात आम्ही तिघंच उरलो. तेव्हापासून चांगल्या कामाला निघताना आई पर्समध्ये एक सुपारी टाकते. ती चौथी. रिक्षात सुपारीला कडेला बसवू का, असं मी चिडवायचो. आईला त्याचं हसू यायचं नाही.

कोपरीला मुलगी बघायला निघालो, तेव्हा मात्र मीच विचारलं, "सुपारी घेतलीस ना?" आधी नकार पचवून झाले होते, आणि ही मुलगी मला फोनवर बोलूनच फार आवडलेली.

तिच्या आईने पोहे आणले. आम्ही तिघं, ट्रेमध्ये बशा चार. "तीन कशा आणायच्या," त्या संकोचून म्हणाल्या, "बरं दिसत नाही."

आईने लगेच पर्समधून सुपारी काढून चौथ्या बशीपुढे ठेवली. मग त्या बशीकडे बघतच राहिली. "हे असते तर पहिली बशी त्यांनीच उचलली असती," ती म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. हेही स्थळ गेलं, असंच मला वाटलं.

तेवढ्यात मुलगी येऊन आईशेजारी बसली. "काकू, ही मी घेऊ? सकाळपासून पोह्यांच्या मागे आहे, पण माझ्या पोटात काही नाही." तिने सुपारी जरा बाजूला सरकवली आणि खायला लागली. आईने डोळे पुसले आणि स्वतःच्या बशीतलं खोबरं तिच्या पोह्यांवर घातलं.

निघालो तेव्हा पुन्हा आम्ही तिघंच. रिक्षात बसल्यावर माझ्या लक्षात आलं.

"आई, सुपारी वरच राहिली."

"राहू दे," आई म्हणाली. "येताना ती घेऊन येईल."