वामनचे गरम हात

वामन पोतनीस गेल्याचा फोन आमच्या जुन्या टोळीतल्या बाळूने केला तेव्हा मी त्याला पहिला प्रश्न विचारला, की नीट पाहिलंस ना? बाळू चिडला. पण यात माझं काय चुकलं? ज्या माणसाला आम्ही तरुणपणी निदान पन्नास वेळा मेलेला धरलं होतं, काठावर उभं राहून त्याच्या आईला काय सांगायचं याची वाक्यंसुद्धा वाटून घेतली होती, आणि जो दर वेळी तलावाच्या भलत्याच कोपऱ्यातून डोकं वर काढून, "क्या भिया, पोहे आले का?" असं विचारायचा, त्याच्या मरणावर पहिल्या झटक्यात विश्वास कोण ठेवील? या खेपेला मात्र तो वर आला नाही. दीड महिना होत आला. एव्हाना माझं दुःख निवायला हवं होतं. पण मध्ये तेरावा आला, आणि त्या दिवशी मला कळलं की ज्याला मी जन्मभर जिवलग म्हणून मिरवलं, त्याने मला भर तारुण्यात गंडवलं आणि पुढे उभा जन्म ते कळू दिलं नाही. पेपरच्या पुरवणीवाल्यांनी मित्राबद्दल चार चांगले शब्द मागितले आहेत. शब्द देतो. चांगले किती निघतात ते पाहू...

ते मध्यभारत राज्याचे दिवस. इंदूर आणि ग्वाल्हेर या दोन सवतींना एका घरात नांदवायचं, म्हणून राजधानी काही महिने इकडे, काही महिने तिकडे. थंडी पडली की सरकार फायलींची गाठोडी बांधून ग्वाल्हेरला जायचं. ग्वाल्हेरची थंडी इंदूरच्या दुप्पट, पण सरकारला कोण समजावणार? साहेबलोक गेले की शहर आमचं. पलासियाच्या पुढे तेव्हा कोल्हे हिंडायचे, आणि सिरपूरच्या तलावावर आम्ही. आमच्या पोहणाऱ्यांच्या टोळीने एक खेळ काढला होता, लोट्याची बुडी. संक्रांतीच्या सकाळी प्रत्येकाच्या नावाने एकेका तांब्याच्या लोट्यात तिळगूळ आणि दगड भरायचे, तोंडाला फडकं लावून वर सुतळीच्या गाठी मारायच्या आणि लोटे तलावात सोडून द्यायचे. मग उड्या. लागतील तितक्या बुड्या मारा, पण गाठी पाण्याखालीच सोडायच्या. सुतळी तोडली की बाद. ज्याचं फडकं आधी वर आलं तो जिंकला. तिळगूळ मासे खायचे, पण गोड बोलताना एकही मासा कधी ऐकला नाही.

विहिरीचं पाणी थंडीत कोमट लागतं हे कोणीही सांगेल. तलावाचं तसं नसतं. पौषातल्या पहाटेनंतर ते पाणी असं गारठायचं, की मासे एकमेकांच्या अंगावर झोपत. एक कासव तर माझ्यादेखत काठावर चढून चहावाल्याच्या शेगडीपाशी येऊन बसलं होतं. खोटं वाटत असेल तर बाळूला विचारा, तोही खोटंच सांगेल. सांगायचा मुद्दा हा, की ही बुडी दमाची नव्हतीच, बोटांची होती. गाठ समोर दिसायची, पण बोटांना ती कळायचीच नाही. हाताला जणू कोणी पाच मुळे बांधून दिले आहेत आणि त्यांनी आता सुईत दोरा ओवायचा आहे... आणि इकडे वामन दरसाल फडकं फडकवत वर यायचा आणि आपले हात आमच्या गालांना लावायचा. गरम! तव्यावरून नुकती उतरवल्यासारखी बोटं. बुडीच्या आधी तो सगळ्यांसमोर मांडी घालून बसे आणि एका छोट्या बाटलीतलं काहीतरी मनगटापासून नखांपर्यंत असं चोळत राही, की जणू जावयाला अभ्यंग चाललं आहे. आमचे सगळ्यांचे डोळे त्या हातांवर.

त्या वर्षी वॉटर वर्क्सचे एक ओव्हरसियर आमचा खेळ बघायला यायचे होते. नळाला पाणी पुरवणाऱ्या तलावांत ऐन थंडीत बुडी मारून जाळीतलं शेवाळ हातांनी उपसणारा माणूस त्यांना हवा होता. त्यांनी निरोप दिला होता, की जो जिंकेल त्याचं नाव मी वर पाठवतो. मी तेव्हा मामाच्या कापडाच्या दुकानात गज घेऊन बसायचो. दिवसभर गिऱ्हाइकांपुढे ठाण उलगडायचं, 'रंग जाणार नाही ना' याला 'जन्मात नाही' म्हणायचं, आणि ठाण परत गुंडाळायचं. त्या गादीवरून उठायची माझ्या आयुष्यातली ती एकच संधी होती, आणि हे वामनइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं. आदल्या संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो, लाज सोडली आणि विचारलं, की हात गरम ठेवतोस तरी कसे? त्याने एकदा आतल्या खोलीकडे पाहिलं. मग मला ओसरीच्या टोकाला नेऊन म्हणाला, "तुला म्हणून सांगतो, दामू. लसणाचं तेल. पाण्यात उतरायच्या अगोदर चांगलं जिरव. और किसी को बोलना मत, अपनी बात है."

दुसऱ्या दिवशी मी पाण्यात उतरलो तेव्हा माझ्या अंगाला चटणीसारखा वास येत होता. पहिली गाठ सुटली. दुसरीवर बोटं मेली. तीन बुड्या मारल्या, दात लावले, तलावाला शिव्या दिल्या (पाण्याखाली दिलेली शिवी फक्त बुडबुडा होऊन वर जाते), आणि वर आलो तर वामनच्या हातात फडकं आणि ओव्हरसियरसाहेबांचा हात वामनच्या पाठीवर. नंतर त्याने माझे निळे पडलेले हात आपल्या हातांत घेतले आणि हळूच म्हणाला, "तुझे हातच थंड जातीचे, भिया. त्याला तू तरी काय करणार?"

हे वाक्य मी जन्मभर खरं मानलं. नोकरी त्याला लागली, तिथूनच तो रिटायर झाला. मी गज हातात घेतला तो मामाच्या मागे दुकान माझं झालं तरी सोडला नाही. पाण्यात मात्र पुन्हा उतरलो नाही, कारण आपले हातच तसे, असं एकदा ठरलं की ठरलं. आणि लसणाची गोष्ट? बायकोलाही सांगितली नाही. वामनने ती मला, एकट्या मला, दिली होती. हरलेल्या माणसापाशी काहीतरी असावं लागतं. माझ्यापाशी ते होतं... की मी वामनचा खास.

तेराव्याच्या पंगतीत मी, बाळू आणि आमच्याच टोळीतला रघुनाथ शेजारी शेजारी बसलो होतो. रघुनाथचे डोळे भरून आले. म्हणाला, आता वामनच नाही तर सांगायला हरकत नाही, हातांचं गुपित त्याने फक्त मला सांगितलं होतं. ओव्याचा अर्क. बाळूचा घास हातातच राहिला.

"ओवा? भांग पिऊन आला का तू? मोहरीचं तेल! मला शपथ घालून सांगितलं होतं त्याने."

मग मी लसूण सांगितली. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "यानी के," रघुनाथ म्हणाला, "आपल्या तिघांत मिळून त्याने एक फोडणी वाटली." आम्ही असे हसलो की तेरावा आहे हे विसरलो. मीही हसलो. सगळ्यांत मोठ्याने मीच.

वाढायला आलेल्या नलूवहिनींनी, म्हणजे वामनच्या बायकोने, ते ऐकलं. त्यांना आमचीच गंमत वाटली. "अहो, हातांना काही करायचंच नसतं," त्या म्हणाल्या. "छाती गारठली की अंग आधी काळीज सांभाळतं, बोटांना वाऱ्यावर सोडतं. छाती आणि डोकं गरम ठेवा, हात आपोआप गरम. हे म्हणायचे, सगळे माझे हात बघतात तेच बरं आहे." आणि त्यांनी आतून एक बंडी आणून दाखवली. लॉरीच्या जुन्या ट्यूबची. आतून फ्लॅनेल, सांधे सायकलवाल्याच्या सोल्युशनने चिकटवलेले, वर दाभणाची शिवण. लग्नाच्या वर्षी त्यांनीच शिवली होती. ती घालून वर गंजीफ्रॉक चढवायचा आणि घरूनच तयार होऊन यायचं. आम्ही मूर्ख, वामनने जोर मारून काय छाती कमावली आहे म्हणून त्याच्यावर जळायचो! बुडीच्या आधी डोक्याला घट्ट फडकं बांधायचा, तो आम्हाला त्याचा नखरा वाटायचा.

इथवर मी माफ केलं होतं. खेळ आहे, चालतं. बाळू-रघुनाथ गेले, मीही चपला शोधत होतो, तेव्हा वहिनींनी मला थांबवलं. त्यांच्या हातात दुसरी बंडी होती.

"भावजी, ही तुमची."

मला कळेना. ती वामनच्या अंगावर तंबूसारखी लोंबली असती. त्या काळी एवढी पाठ इंदुरात एक माझी आणि एक लालबाग राजवाड्याच्या फाटकाची. वहिनी सांगत गेल्या, की चुलतभावाच्या लग्नाला म्हणून माझा कोट वामनने मागून नेला होता तो मापासाठी. बंडी त्या संक्रांतीच्या आधीच शिवून झाली होती. "त्या संध्याकाळी तुम्ही आलात तेव्हा आत खुंटीवर होती. मी यांना खूण केली, द्या की. तुम्ही गेल्यावर म्हणाले, ओव्हरसियर एकच माणूस घेणार आहे." त्यांनी बंडीवरची धूळ पदराने पुसली. "मग मीही काही बोलले नाही, भावजी. आम्हालाही संसार उभा करायचा होता."

त्याला सुचलंच नसतं तर मी काय म्हणणार होतो? त्याने रघुनाथसारखं मलाही वाऱ्यावर सोडलं असतं, तरी हसलो असतो. पण तो माझा कोट घेऊन गेला, माझ्या पाठीचं माप काढलं, माझ्यासाठी फ्लॅनेल आणलं... इतकं प्रेम केलं, आणि मी दारात उभा असताना बंडी आत ठेवून मला लसूण दिली. वर माझ्या हातांचीच जात काढली. अरे भिया, हात माझे ठीक होते.

बंडीला मी नको म्हटलं आणि कोपऱ्यावरून परत जाऊन घेऊन आलो. रबर आता वाळून लाकूड झालं आहे. अंगात चढत नाही, घडीही होत नाही. बैठकीतल्या खुर्चीवर ठेवली तर आत कोणी रुंद छातीचा जवान बसल्यासारखी ताठ उभी राहते. बायको विचारते, भंगारवाल्याला देऊ का? मी म्हणतो, राहू दे. तिच्याशेजारीच बसून सकाळचा चहा घेतो. फक्त पाठ करून बसतो.