सातवा भोकाचा पैसा

कारंज्याच्या एका कापसाच्या जिनात मी चुकाऱ्याचा दिवाणजी होतो, म्हणजे मजुरांचे आठवड्याचे पैसे वाटणारा कारकून. काम सोपं वाटतं. करून बघा. बाजाराच्या आदल्या दिवशी बँकेतून कागदाच्या पुंगळ्यांत बांधलेली चिल्लर थैलीत भरून यायची. ती फोडायची आणि हजेरीपुस्तक समोर ठेवून प्रत्येकीच्या नावाची ढिगुली लावायची. सव्वाशे-दीडशे बायका. दुपारपर्यंत बोटं काळी पडत आणि भाकरीला तांब्याचा वास येई. घरी बायको म्हणे, हात धुऊन जेवायला बसा. मी म्हणे, धुतलेलेच आहेत.

त्यात रुपयाला शंभर असे नवे पैसे आले. एकाच पुंगळीत जुना पैसा, नवा पैसा, आणा, दोन आणे, सगळी खिचडी. बायका नव्या पैशाला नाक मुरडत आणि शिव्या मला खाव्या लागत, जणू तो मीच घरी पाडला होता.

या कंटाळ्यात मी एक खोड लावून घेतली होती. पुंगळीत काही वेगळं निघालं की ते बाजूला काढायचं आणि तेवढेच पैसे खिशातून टाकायचे. स्वातंत्र्याच्या सालचा रुपया मला आवडे. एका बाजूला जाणाऱ्या राजाचं तोंड, दुसऱ्या बाजूला चालता वाघ. असे नऊ जमले होते. त्यांचं काय करायचं होतं, देव जाणे. पण दिवसभर दुसऱ्याचे पैसे मोजणाऱ्या माणसाला आपलं म्हणावं असं काहीतरी लागतं.

खिडकीपुढे उभ्या असलेल्या बायका हे बघत. त्यातली एक मानोऱ्याकडच्या तांड्यावरची होती. हंगामापुरती येऊन जिनाच्या मागे पालात राहायची, रेच्यावर, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रावर, कापूस टाकायची. कडेवर दोनेक वर्षांची पोरगी. पोरगी सदा तापलेली, मान बाईच्या खांद्यावर टाकलेली. आधीची दोन गेली होती, ही तिसरी. एका चुकाऱ्याला पैसे घेऊन ती खिडकीशीच थांबली.

"दिवाणजी, तुमी नाणे निवडून राह्यले ना? भोकाचा पैसा निंगाला त मले द्याल का?"

लढाईच्या दिवसांत तांबं वाचवायला सरकारने मध्ये भोक पाडलेला पैसा काढला होता. लोकांनी तो करदोट्यात ओवला, नटाखाली वायसर म्हणून घातला, आणि आता क्वचितच हाती लागे.

"काहून? काय करतं त्याचं?" मी विचारलं.

"भगतानं सांगतलं. सात पैसे काया दोऱ्यात ओवून पोरीच्या गळ्यात घाल. पन मांगून आनलेले नाई पायजे, इकत घेतलेले बी नाई. आपल्या घामाच्या मजुरीत आले पायजे."

मी तेव्हा उंटावरचा शहाणा होतो. भगताला जाऊ दे, पोरीला सरकारी दवाखान्यात ने, असं चांगलं सुनावलं.

"नेली ना जी," ती म्हणाली. "लाल दवा चालू हाये. दवा बी करतो, हे बी करतो. तुमचं काय जाते?"

खरंच, माझं काय जात होतं? 'बघू' म्हणालो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कारण मग मी शोधू लागलो. पूर्वी सहज दिसेल ते उचलत असे, आता प्रत्येक पुंगळी टेबलावर पसरून चाळू लागलो. पहिल्या महिन्यात तीन निघाले. संक्रांतीनंतर एक, मग दोन आठवडे काहीच नाही, मग एकदम दोन. मिळाला की तिच्या ढिगुलीत सगळ्यात वर ठेवायचो. ती आधी तो उचलायची, कपाळाला लावायची, मग बाकीचे मोजायची. ज्या दिवशी नसे त्या दिवशी नुसती माझ्याकडे बघायची. ते बघणं मला आठवडाभर पुरे. चुकारा उशिरा होतो म्हणून मुनीमजींनी दोनदा झापलं. डोळे चुरचुरत, पाठ धरे. मनात म्हणायचो, कुठून ही ब्याद गळ्यात घेतली. आणि पुढच्या खेपेला पुन्हा चाळायला बसायचो.

सहा झाले आणि हंगाम संपत आला. सरकीचे ढीग उतरले, रेचे एकेक बंद होऊ लागले. पोरीचा ताप हटत नव्हता. शेवटच्या चुकाऱ्यानंतर बाई तांड्यावर परत जाणार होती. तिथे मजुरी मिळायची ती ज्वारीत, पैशात नाही. म्हणजे सातवा निघायचा तर त्याच दिवशी.

त्या दिवशी मी भाकरीसुद्धा खाल्ली नाही. सगळ्या पुंगळ्या फोडल्या, दोनदा चाळल्या. नवे पैसे, नुसते नवे पैसे, चकचकीत. बाहेर रांग लागली होती, बायका ओरडत होत्या. माझ्या टेबलाच्या खणाची मूठ ढिली होती आणि तिच्या स्क्रूखाली कोणी कधीकाळी भोकाचा पैसाच वायसर म्हणून घातला होता. तो मला ठाऊक होता. एका आण्याची कड स्क्रूत घालून मी मूठ सोडवली, पैसा काढला, धोतराला घासला आणि तिच्या ढिगुलीवर ठेवला. तिच्याच ढिगुलीतला एक साधा जुना पैसा उचलून खिशात टाकला. हिशोब चोख होता.

"थैलीतच निंगाला का?" तिने विचारलं.

"नाही तर काय मी पाडला?" मी खेकसलो.

तिचा चेहरा असा उजळला की मी खाली बघून पुढचीला हाक मारली. त्या दिवशी मला फार बरं वाटलं, हे कबूल करतो.

पुढच्या दिवाळीनंतर जिन सुरू झालं. पहिल्याच चुकाऱ्याला ती खिडकीत आली. कडेवर कोणी नव्हतं. मी विचारायला नको होतं, पण विचारलं.

"गेली," ती म्हणाली. "आखाडातच गेली." मग मला नव्हे तर खिडकीच्या गजांना सांगावं तसं म्हणाली, "माह्यंच चुकलं, दिवाणजी. त्या शेवटच्या हप्त्यात पोरगी लय तापली होती. मी दोन दिस तिच्यापाशी बसून राह्यली. मुकादमानं दया करून हजेरी लावली. तो सातवा पैसा घामाचा नवता. मीच फुकटचा घेतला."

सगळा पावसाळा तिने यावर विचार केला असणार. बोलणं इतकं घासून-पुसून आलं होतं.

उत्तर माझ्या तोंडात होतं. बाई, तो पैसा थैलीतला नव्हता, माझ्या खणाचा होता. खोटं मी केलं, तू नाही. एवढंच म्हणायचं होतं. भगतावर माझा विश्वास नव्हता, सात पैशांवर नव्हता, शापावरही नव्हता. तरी तिने शाप दिला तर, या भीतीने मी हजेरीपुस्तकात डोळे घातले. माझ्याही घरी त्या वेळी पाळणा हलत होता. मागून कोणीतरी ओरडलं, "चाल वं बाई, लवकर कर!" ती पैसे न मोजता बाजूला झाली आणि मी पुढचं नाव पुकारलं.

त्या हंगामात ती एक दिवससुद्धा बसली नाही. दुपारच्या सुट्टीत बाकीच्या बायका लिंबाखाली भाकर खायच्या, तेव्हा ही एकटी कापसाच्या पाट्या वाहत असायची. मुकादम म्हणाला, हिला काय झालं, कोणी सांगितलं नसताना मरमर करून राह्यली. मला माहीत होतं काय झालं ते. दर आठवड्याला मी तिची पूर्ण हजेरी मांडली, पूर्ण पैसे दिले, आणि गप्प राहिलो.